साल्मोनेला आणि गाईच्या पेशी: सुरुवात कुठून करावी

साल्मोनेला हा जीवाणू गाईच्या पेशींत कसा शिरतो आणि टिकतो, याचा अभ्यास कुठून सुरू करावा, हा तुमचा प्रश्न वाचला. जनुकांच्या लांबलचक याद्या तूर्त बाजूला ठेवा आणि एवढेच पक्के करा की हा जीवाणू दोन वेगळी यंत्रे वापरतो: पहिल्या सुईसारख्या स्रावयंत्रणेने तो आतड्याच्या पेशीत प्रथिने सोडून तिचा सांगाडा हलवतो आणि आत शिरतो, तर दुसरीच्या साहाय्याने पेशीतील पोकळीत तग धरतो. प्रवेश आणि तग यांची गल्लत ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक होय.

दुसरी चूक उंदरावर विसंबण्याची. साल्मोनेलाच्या टायफिम्युरियम या प्रकारामुळे उंदराला विषमज्वरासारखा सर्वांगीण आजार होतो, वासराला मात्र तीव्र अतिसार होतो. म्हणून उंदरातील निष्कर्ष गाईला सरसकट लावू नयेत. डब्लिन हा प्रकार तर गुरांशी विशेष जुळवून घेतलेला आहे आणि बरी झालेली जनावरेही त्याची वाहक राहू शकतात.

पेशीत किती जीवाणू शिरले हे मोजण्याच्या प्रयोगात जेंटामायसिन हे प्रतिजैविक पेशीबाहेरचे जीवाणू मारते, आतले बहुतांशी वाचतात, यावरच सारी मोजणी उभी असते. त्यामुळे तासाभरानंतर औषधाची मात्रा कमी करण्यास विसरू नका. रात्रभर वाढवून स्थिरावलेले जीवाणू थेट वापरू नका, कारण प्रवेशक्षमता वाढ स्थिरावण्याआधी, वेगवान वाढीच्या उत्तरार्धात अधिक असते. (माझे पहिले कित्येक आठवडे यातच वाया गेले.) पेशीमागे किती जीवाणू घातले, हे केवळ द्रावाच्या गढूळपणावरून न ठरवता ताटलीत उगवलेल्या वसाहती मोजून पडताळा. हा जीवाणू माणसालाही बाधतो, तेव्हा हातमोजे आणि जैवसुरक्षा कक्ष यांत सवलत नाही. रोगप्रतिकारसंकेतांचे जाळे नंतर पाहू.