वाचनालयाच्या साइटला एसक्यूलाइट की पोस्टग्रेस?

भिया, इंदूरच्या एका मराठी वाचनालयाची पुस्तकयादी आणि देवघेव, एवढ्यासाठी पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसचा पसारा कशाला मांडतोस? एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घे. वेगळा सर्व्हर नाही, त्याचा पासवर्ड नाही. सगळा डेटा एका फाइलीत आणि इंजिन तुझ्या प्रोग्रामच्या आतच चालतं. वाचणारे कितीही येऊ देत, मेख लिहिण्यात आहे: एका वेळी एकालाच लिहिता येतं. म्हणून आधी वॉल मोड लाव, म्हणजे बदल आधी बाजूच्या लॉग फाइलीत लिहिले जातात. २०१० पासून ही सोय आहे. लिहिणं चालू असतानाही वाचणारे अडत नाहीत. बिझी टाइमआउट (फाइल अडलेली असली तर किती वेळ थांबून बघायचं ते) ५ सेकंद ठेव, नाहीतर 'डेटाबेस इज लॉक्ड' बघत बसशील. फॉरेन कीची (एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या खऱ्या नोंदीशी जुळते का, याची) तपासणी सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. हे भलेभले विसरतात! बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करू नकोस, नीट प्रत काढणारी व्हॅक्यूम इन्टू ही कमांड वापर.

उद्या साइट दोन सर्व्हरवर न्यायची झाली, किंवा सतत अनेकजण एकदम नोंदी करू लागले, तर खुशाल पोस्टग्रेसकडे वळ. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून भागवायचा जुगाड मात्र नको.

आणि होस्टिंग घेण्याआधी विचारून घे: काही ठिकाणी साइटचं नवं व्हर्जन चढवलं की डिस्क कोरी होते, म्हणजे डेटाची फाइलही गेली.