मालवणजवळ जाळ्यात दोन फुटांची ठिपक्यांची मुशी सापडली. ती व्हेल शार्कचं पिल्लू असेल का? ही पिल्लं आपल्याच किनाऱ्याला जन्मतात का?

असू शकतं. ‘एवढुसं कसं असेल’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. माझ्या चुलतभावाने हेच बोलून अख्ख्या सर्जेकोट जेटीवर माझं हसं केलं होतं.

मार्चमधली पहाट होती, बांगड्याचं जाळं ओढत होतो. त्यात हातभर लांबीची मोरी, म्हणजे मुशीच, आली. पाठीवर पांढरे ठिपके, अंगावर लांब कंगोरे, आणि मुशीचं तोंड असतं खाली, हिचं थेट पुढे. मी म्हटलं, व्हेल शार्कचं पोर. भाऊ म्हणाला, “येस्टीयेवढ्या माशाचा पोर हाताएवढा? खुळो रे तू!” आणि टोपलीत टाकायला निघाला, मोरीचं मटण करायला! १९९५ साली तैवानला मारलेल्या साडेदहा मीटरच्या मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं निघाली, ४२ ते ६४ सेंटीमीटरची. अंडी पोटातच फुटतात, पिल्लं जिवंत बाहेर येतात. हे त्याला तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. शेवटी मी सुरी घेतली, जाळं कापलं, मासा सोडला.

जाळं त्याचं होतं. दर गणपतीला ते भोक नव्याने मोठं होतं. वर ऐकवतो, “तू व्हिडीओ काढला असतंस तर सरकारचे पंचवीस हजार गावले असते.” अरे, संरक्षित मासा सोडताना फाटलेल्या जाळ्याच्या भरपाईची योजना आली डिसेंबर २०१८ मध्ये, आपलं जाळं कापलं त्याच्या दोन वर्षं आधी! आणि २५,००० ही कमाल रक्कम आहे, एका भोकाला तेवढे कोण देतो?

जन्माचं म्हणाल तर व्हेल शार्कला वीताना जगात कुणी पाहिलेलं नाही. एक पिल्लू मिळालं म्हणून मालवणला बाळंतघर ठरवू नका, प्रवाहाबरोबरही येतात.

हां, फोटो न बघता मी छातीठोक बोललो खरा. झेब्रा शार्कचं पोरही पट्ट्यापट्ट्यांचं असतं, पण त्याचं तोंड खाली. तेवढं बघा. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे, तेव्हा मटणाचा विचार नको. आधी व्हिडीओ, मग सुरी. आणि जाळं चुलतभावाचं असेल तर ‘काप’ हे त्याच्याच तोंडून व्हिडीओत बोलवून घ्या.