एच-४ वर असलेल्या नववीतल्या मुलीने टेक्सासात हायस्कूलमध्येच कॉलेजचे क्रेडिट मिळवावेत का? आणि कुठल्या मार्गाने?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून डॅलसजवळ येऊन दीड वर्ष झालं, मुलगी इथल्या सरकारी शाळेत नववीत आहे (एच-४ वर, म्हणजे आईबापाच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर), तिला इंजिनिअरिंग करायचंय आणि मंडळात भेटणारा प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. कोणी म्हणतं १२ एपी (हायस्कूलमध्ये घ्यायचे कॉलेज-पातळीचे विषय, शेवटी कॉलेज बोर्डाची परीक्षा) करा, कोणी म्हणतं डुएल क्रेडिट स्वस्त आहे, तेच घ्या. माझी दोन्ही मुलं याच भागातल्या शाळांतून गेली, थोरला इंजिनिअरिंगला, धाकटी प्री-मेडला (मेडिकलच्या आधीच्या पदवीला). त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी कोर्सची एककं, शाळा देत नाही आणि परीक्षाही देत नाही. मुलगी शेवटी ज्या कॉलेजात जाईल, ते कॉलेज देतं. एपीत ५ पैकी ५ मिळवून हार्वर्डला गेलात तर डिग्रीसाठी त्याचे क्रेडिट शून्य. डार्टमथ आणि कॅलटेकचंही तेच. एमआयटी कॅल्क्युलस बीसी या वरच्या पातळीच्या एपीतल्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलसचा कोर्स माफ करते. याउलट टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना कायद्यानेच सांगितलंय की विशेष कारण नसेल तर ३ गुणांनाही क्रेडिट द्या. म्हणून ‘किती एपी’ हा प्रश्न बाजूला ठेवा. चार-पाच संभाव्य कॉलेजं घ्या, त्यांच्या साइटवरचे क्रेडिटचे तक्ते उघडा आणि तिथून उलटं मागे या.

आता ‘एक वर्ष वाचतं’ या बोलण्याकडे. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, ३० जमले की एक वर्ष गेलं, असा हिशेब लोक करतात. इंजिनिअरिंगला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे विषयांची साखळी असते: कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्समधलं मेकॅनिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय डायनॅमिक्स नाही. इतिहास, इंग्रजी, गव्हर्नमेंट, इकॉनॉमिक्सचे मिळून ३० क्रेडिट घेऊन गेलात तरी ही साखळी एका कडीनेही कमी होत नाही. माझ्या मुलाच्या खोलीतला मित्र अशाच ४० क्रेडिटांनिशी आला होता. कागदावर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, पण कॅल्क्युलस एकच्या वर्गात सगळ्यांबरोबर बसलेला. लागली चारच वर्षं. त्याचे सेमिस्टर मात्र हलके गेले, आणि तोही फायदाच म्हणायचा.

साखळी तोडणारे विषय मोजकेच: एपी कॅल्क्युलस बीसी, एपी फिजिक्स सी (मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम या दोन वेगळ्या परीक्षा) आणि काही शाखांना केमिस्ट्री. इथे आपले पालक हमखास गोंधळतात. एपी फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर चालतात, त्यात कॅल्क्युलस नाही, आणि इंजिनिअरिंगच्या फिजिक्सऐवजी ते बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. शाळेत फिजिक्स सी नसेल तर मुलगी स्वतः अभ्यास करून परीक्षा देऊ शकते, वर्गात बसलंच पाहिजे अशी अट नाही. परीक्षा मेमध्ये असते, पण नोंदणी आदल्या शरद ऋतूत, बऱ्याच शाळांत ऑक्टोबरातच बंद होते. एका परीक्षेची फी साधारण १०० डॉलर.

डुएल क्रेडिट म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा (स्थानिक सरकारी कॉलेजचा) खराखुरा कोर्स. तुमच्या भागात बहुधा कॉलिन किंवा डॅलस कॉलेज असेल. टेक्सासात याची सोय खरंच चांगली आहे. कोर्सचे क्रमांक राज्यभर सारखे आहेत: इंग्लिश १३०१, हिस्टरी १३०१, गव्हर्नमेंट २३०५. शिवाय ४२ क्रेडिटांचा सामाईक गाभा राज्यातल्या सगळ्या सरकारी कॉलेजांनी मान्य करायचा असतो. एपीत सगळं मेमधल्या तीन तासांवर ठरतं, इथे सेमिस्टरभराच्या कामावर. इंग्रजी निबंधाच्या परीक्षेला घाबरणाऱ्या, नुकत्याच आलेल्या मुलांना हे जास्त झेपतं. खर्च स्कूल डिस्ट्रिक्टगणिक बदलतो, काही ठिकाणी काहीच नाही, काही ठिकाणी तीन क्रेडिटांना दोन-तीनशे डॉलर. राज्याबाहेर किंवा खासगी कॉलेजात मात्र हे क्रेडिट चालतीलच असं नाही.

डुएल क्रेडिटची एक बाजू कोणी सांगत नाही. तो ग्रेड कायमचा असतो. एपीत २ आले तर तो स्कोअर कॉलेजला पाठवायचाच नाही, विषय संपला. डुएल क्रेडिटमधला सी मात्र आयुष्यभर ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) राहतो. पुढे मेडिकलला अर्ज करताना कॉलेजचे सगळे ग्रेड द्यावे लागतात, १६व्या वर्षी घेतलेलेसुद्धा, आणि ते जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. धाकटीच्या वेळी आम्ही याचमुळे बायॉलॉजी आणि केमिस्ट्री डुएल क्रेडिटमध्ये घेऊच दिली नाही. काही मेडिकल कॉलेजं या विषयांचे एपी क्रेडिटही मानत नाहीत, ते कोर्स विद्यापीठातच करावे लागतात. तुमची मुलगी इंजिनिअरिंग म्हणतेय, पण नववीतलं म्हणणं अकरावीपर्यंत टिकतं का, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि आईबाप म्हणून तयारी ठेवा: कॉलेजच्या कोर्सला नाव घातलं की त्या कोर्सपुरता माहितीचा हक्क मुलीकडे जातो, वय कितीही असो. मी एकदा कॉलिनच्या ऑफिसात फोन करून ग्रेडबद्दल विचारलं. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोडपणे सांगितलं, ‘सर, तुमच्या मुलीलाच फोन करायला सांगा.’ मुलगी बाजूलाच बसून हसत होती.

टेक्सासात याच्या मधला एक रस्ता आहे, ऑनरॅम्प्स. यूटी ऑस्टिन या सरकारी विद्यापीठाचा कोर्स, पण शिकवायला आपल्याच शाळेतला शिक्षक. शाळेचा ग्रेड वेगळा, यूटीचा वेगळा. यूटीचा अंतिम ग्रेड दिसल्यावर क्रेडिट घ्यायचं की नाकारायचं हे मुलं ठरवतात. वरची कायमच्या ग्रेडची भीती इथे बरीच कमी होते. शाळेत प्रीकॅल्क्युलस किंवा फिजिक्स या रूपात असेल तर जरूर बघा.

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत असेल तरच विचार करा. दोन वर्षांचा भरगच्च अभ्यासक्रम, ४००० शब्दांचा निबंध वेगळा, आणि क्रेडिट बहुतेक ठिकाणी फक्त हायर लेव्हलच्या विषयांना. शिक्षण म्हणून उत्तम, पण फक्त क्रेडिटसाठी महाग सौदा. क्लेप ही कॉलेज बोर्डाचीच दुसरी परीक्षा, वर्षभरात कधीही देता येते. मॉडर्न स्टेट्सचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की परीक्षेची फी तेच भरतात. सरकारी विद्यापीठांत हिस्टरी-गव्हर्नमेंटसाठी उपयोगी, नामांकित खासगी कॉलेजांत सहसा नाही. जाता जाता: एपी आणि क्लेप दोन्हीत मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. त्यामुळे घरी बोलतो त्या भाषेचे क्रेडिट या वाटेने मिळत नाहीत.

आता एच-४. तुम्ही ते कंसात लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. एच-४ वरच्या मुलांना फेडरल आर्थिक मदत नाही आणि पगारी इंटर्नशिपही नाही. इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) टेक्सासात एच-४ ला मिळू शकते, तिची कागदपत्रं आत्तापासून जमवा. वय २१ झालं की एच-४ संपतो. ऑगस्टमध्ये १८ पूर्ण करून कॉलेजात गेलेली मुलगी तिसरं आणि चौथं वर्ष यांच्या मधल्या सुट्टीत २१ पूर्ण करते. तोवर ग्रीन कार्ड नसेल तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा दुसरा काही मार्ग, आणि एफ-१ वर गेल्यावर इन-स्टेट फीचं काय होतं हे कॉलेजला आधीच विचारावं लागतं. म्हणून वाचलेलं वर्ष आपल्या घरांत नुसत्या पैशांचं नसतं.

पण म्हणून तीन वर्षांत उरकून टाका, असंही मी म्हणणार नाही. डिग्रीनंतर नोकरीसाठी मिळणारी तात्पुरती परवानगी, म्हणजे ओपीटी, एफ-१ वरच मिळते, त्यामुळे डिग्री हातात पडायच्या आधी एफ-१ झालेला हवा. माझ्या मुलाने तिसऱ्या वर्षी एफ-१ घेतला आणि साठलेल्या क्रेडिटांमुळे शेवटचं वर्ष हलकं ठेवून मास्टर्सचे दोन कोर्स आधीच केले. तुमच्या तारखा घेऊन एकदा इमिग्रेशन वकिलाकडे बसा, मंडळातल्या सल्ल्यावर हे ठरवू नका.

यूटी ऑस्टिनसारख्या ठिकाणी एपीचे क्रेडिट आपोआप लागत नाहीत, मुलं ते स्वतः ‘क्लेम’ करतात. पहिल्याच आठवड्यात सगळे क्लेम करायची घाई नको. कॅल्क्युलस दोन सोडून थेट तीनमध्ये बसायचं का, हे ॲडव्हायजरशी बोलून ठरवू दे.

जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या विषयांचा फॉर्म येईल. त्यात बाकी काही नाही तरी गणिताची रांग नीट लावा, म्हणजे बारावीपर्यंत, जमलं तर अकरावीतच, कॅल्क्युलस बीसी गाठता येईल. ती आत्ता अल्जेब्रा वनमध्ये असेल तर उन्हाळ्यात जॉमेट्री करून एक वर्ष पुढे काढता येतं का, हे काउन्सिलरला याच महिन्यात विचारा.