कात्रणावर तारीख हवीच

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रंथालयशास्त्र आणि पत्रकारिता दोन्ही शिकून तू दैनिकाच्या संदर्भ विभागात रुजू झालीस, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रात तू विचारलं आहेस, वार्ताहर आता थेट चॅटबॉटला विचारतात, मग संदर्भ विभागाकडे कोण येणार? येतील. पण तिथे त्यांना दुसरीकडे मिळत नाही असं काही मिळालं पाहिजे.

किल्लारीचंच घे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. त्या वेळेपर्यंत दैनिकांची छपाई बहुतेक उरकलेली असते, म्हणून सविस्तर बातमी शोधायची ती १ ऑक्टोबरच्या अंकात. त्या अंकातला मृतांचा आकडा हाती आलेल्या माहितीपुरता. ढिगारे उपसले जातात तसा तो वाढत जातो. वार्ताहराने "किल्लारीत किती माणसं गेली?" असं विचारलं, तर नुसता आकडा देऊन मोकळी होऊ नकोस. तो कोणत्या तारखेचा, कोणी सांगितलेला, एका गावाचा की लातूर-उस्मानाबाद दोन्ही जिल्ह्यांचा, हे सोबत लिहून दे. चॅटबॉट एकच आकडा ठणकावून सांगतो आणि कधीकधी न छापलेल्या बातमीचा हवालाही देतो. त्याला विचारायला माझी हरकत नाही, सुरुवातीला धागादोरा मिळतो. पण छापली जाणारी ओळ अंकातून किंवा मूळ कागदातूनच यायला हवी.

आता हाच भूकंप 'धाराशिव' घालून शोध. त्या वर्षीच्या बातम्या हाती लागणार नाहीत, कारण जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. औरंगाबाद, अहमदनगर यांचंही तेच. अशा प्रत्येक नावाला 'पाहा' नोंद कर, म्हणजे एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद, जुन्याकडून नव्याकडे आणि नव्याकडून जुन्याकडे. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कंटाळवाणी वाटलेली ही गोष्ट वृत्तपत्राच्या कचेरीत रोज उपयोगी पडते.

त्याहून किचकट प्रकार कऱ्हाडचा. कोणी कराड लिहितं, कोणी कऱ्हाड. त्यात कऱ्हाडमधला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो: एकदा नुक्त्याचा ऱ वापरून, एकदा साधा र आणि मागे न दिसणारी जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या फायली तर उघडल्या की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पानं स्कॅन करून ठेवली म्हणजे संग्रह झाला, असं व्यवस्थापनाला वाटतं. तू त्यांना शोध घेऊन दाखव. युनिकोड, जुन्या फॉन्टचं रूपांतर, स्कॅनमधून मजकूर काढल्यावर त्यातल्या चुका दुरुस्त करणं, एवढं वर्षभरात पक्कं शीक. प्रशिक्षणाला पैसे मागायचेच असतील तर यासाठी माग.

कात्रणावर तारीख आणि पान आपण लिहितोच, आवृत्तीही लिही. एकाच दिवशीच्या पुणे आणि नगर आवृत्तीत पहिलं पान वेगळं असू शकतं. नंतर कोणी "ही बातमी छापलीच नव्हती" म्हणालं, तर तुझ्याकडे उत्तर हवं. संकेतस्थळावरचं पान तर कधी नाहीसं होईल सांगता येत नाही. ते वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहावर, जतन कर. शासन निर्णयाची फाईल उतरवून घे आणि त्यावरचा सांकेतांक नोंदव.

बांधीव अंकांबद्दल मला फार पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. जागा बदलताना रद्दीत गेलेले जुने खंड मी पाहिले आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तकांच्या आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर वृत्तपत्रांच्याही प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवायच्या असतात. तरी तालुक्याच्या साप्ताहिकाचे अंक बहुधा गावातल्या वाचनालयाच्या माळ्यावरच सापडतात. तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या अनुदानावर ते सांभाळतो. पाणीटंचाईची, बाजार समितीची, शाळेच्या इमारतीची खरी हकीकत त्या अंकांत असते. त्याच्याशी ओळख ठेव, त्याला फोन कर, आणि त्याच्याकडून मिळालेल्या माहितीला त्याच्या वाचनालयाचा हवाला द्यायला विसरू नकोस.

मुंबईत असशील तेव्हा दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची चाळ. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तकं त्यांनी नोंदवली, त्या वेळी संगणक नव्हता. एका नोंदीत किती बारकावे बसवता येतात ते तिथे कळतं. दोन तास तरी काढ.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, नाव कुठेच येत नाही याचं वाईट वाटतं का? वाटतं, आणि ते गैर नाही. मोठ्या मालिकेला छायाचित्रकाराचं नाव छापतात, तसं संदर्भ काढणाऱ्याचंही छापलं पाहिजे. पुढच्या मालिकेच्या वेळी 'संदर्भसाहाय्य' अशी ओळ संपादकांकडे सरळ माग. नाही म्हणाले, तर त्यापुढच्या मालिकेला पुन्हा माग.

तुझी हितचिंतक,
एक निवृत्त ग्रंथपाल