घरी बनवलेल्या कोरल फ्रॅग टँकचं प्लंबिंग कसं करावं आणि लीक टेस्ट किती दिवस घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ४ फूट बाय २ फूट, १ फूट उंचीचा फ्रॅग टँक, म्हणजे कोरलचे छोटे तुकडे वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, स्वतः जोडलाय, खाली संप म्हणजे पंप असलेली दुसरी टाकी आहे, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि प्लंबर म्हणतो सगळं जोडून भरून टाका, गळलं तर बघू. तसं करू नका. सगळं एकदम भरलं आणि खाली ओलं दिसलं, की ते काचेच्या जोडातून आलं का टँक कनेक्शनमधून, म्हणजे काचेच्या भोकात बसवलेल्या फिटिंगमधून, का वरच्या एल्बोमधून हे सांगताच येत नाही, कारण पाणी पाइपवरून ओघळत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. टेस्ट सुटी सुटी घ्यायची, आधी नुसती काच, मग ड्रेन (टँकमधून संपमध्ये उतरणारा पाइप), मग रिटर्न (पंपाने पाणी परत वर नेणारा पाइप), आणि शेवटी लाईट म्हणजे वीजच बंद करून. ही शेवटची लोक सोडून देतात, आणि खालच्यांच्या सिलिंगपर्यंत पाणी पोचवायची ताकद नेमकी तिच्यातच असते.

सामानापासून सुरू करतो कारण अर्धं लीकेज तिथेच ठरतं. पुण्याच्या बोहरी आळीत गेलात तर पांढरा यूपीव्हीसी प्लंबिंगचा पाइप आणि करडा शेतीचा पाइप दोन्ही मिळतात, आणि दोन्हीला "एक इंची" म्हणूनच हातात देतात. पण प्लंबिंगच्या १ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो आणि शेतीचा ३२ मिमी. एकाचा पाइप आणि दुसऱ्याची फिटिंग जोडली तर सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, कितीही चोपडा, तो जोड कधी ना कधी पाझरणारच. सगळं एकाच प्रकारातलं घ्या. सोल्युशनही यूपीव्हीसीचं वेगळं आणि सीपीव्हीसीचं वेगळं, डबा वाचून घ्या. आणि दुकानदार मजबूत म्हणून पितळी आट्यांचे एमटीए, एफटीए (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड) पुढे करेल, ते अजिबात घेऊ नका, पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटून कोरल, गोगलगाई, कोळंबी सगळं मारतं. व्हॉल्व्हसुद्धा पूर्ण प्लास्टिकचाच.

कोरलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, दगडी म्हणजे रीफ बांधणारे सगळे कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोणी "लोकल पीस" स्वस्तात देतो म्हणाला तर लांब राहा. मी मश्रूम आणि झोअँथिड हे मऊ, दगडी सांगाडा नसलेले प्रकारच वाढवतो, आणि तेही पक्क्या बिलावर.

आता जोड. पाइप सरळ कापायचा, आतला बाहेरचा बर (कापताना राहिलेली खरखरीत कड) काढायचा, कोरडाच बसवून पेनने खूण करायची, मग पाइपला आणि फिटिंगला दोन्हीकडे सोल्युशन, पाव वळसा देत आत ढकलायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. पाणी सोडायच्या आधी निदान २४ तास, पावसाळ्यात अजून जास्त. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, टाका, पुढे पंप साफ करायला काढायचा असेल तेव्हा करवत हातात घ्यावी लागणार नाही. टँक कनेक्शनचं रबर वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत, काच पुसून कोरडी, सिलिकॉन लावायचं नाही, आणि नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा. पान्याने आवळत बसलात तर वॉशर बाहेर सरकतो किंवा काचच तडकते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने, आणि प्लास्टिकची फीमेल म्हणजे आतून आटे असलेली फिटिंग जास्त आवळली की ती नंतर केसासारखी चिरते, ते लगेच दिसतही नाही.

काचेची टेस्ट. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलंच वापरलं असेल असं धरतो, ते पूर्ण सुकायला मी आठवडाभर देतो. स्टँड स्पिरिट लेव्हलने बघा. मग ड्रेनची होल मागच्या काचेत वर असतील तर होलच्या खालपर्यंत, नाहीतर कनेक्शनला प्लग लावून, नळाचं साधं पाणी पाव, अर्धा, पूर्ण असं थांबत थांबत भरा. खाली वर्तमानपत्र पसरा आणि कोपऱ्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा, बोटाला न कळणारा ओलावा टिश्यूला लगेच कळतो. ४८ तास. पातळीला खूण करा, पण नुसत्या खुणेवर विश्वास नको, पुण्यात एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की उघड्या टँकमधून दिवसाला दोन-तीन लिटर सहज उडून जातं आणि माणूस उगाच घाबरतो. शेजारी एक बादली भरून तिलाही खूण करा. दोन्ही सारखं उतरलं तर ते बाष्पीभवन, टँकच जास्त उतरला तर गळती.

मग ड्रेन. दोन पाइप ठेवा, एक पूर्ण भरून वाहणारा आणि खाली व्हॉल्व्ह असलेला, दुसरा कोरडा, फक्त संकटासाठी, त्याला व्हॉल्व्ह लावायचाच नाही. पंप चालू करून मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि संकटाचा पाइप एकट्याने सगळं पाणी नेतो का बघा. नेत नसेल तर पंप मोठा आहे किंवा पाइप बारीक आहे, आणि एखादी गोगलगाय मुख्य तोंडावर बसली की तुमची फरशी भरणार. इथेच अजून एक बघायचं, संपच्या रिटर्न कप्प्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टँक वाहता कामा नये. तुमच्या मापाला १ इंच पाणी म्हणजे जवळपास १९ लिटर, त्यावरून हिशोब करा.

रिटर्नच्या पाइपात प्रेशर किती असेल याची काळजी करू नका, १ मीटर उंचीला ०.१ बार, पाइप त्याच्या कितीतरी पट सहन करतो. पाइप फुटत नाही, जोड पाझरतो. म्हणून प्रत्येक जोडाला टिश्यूचा तुकडा गुंडाळा आणि दोन-तीन दिवस पंप सतत चालू ठेवा. चिलर असेल तर त्याच्या पाइपला दमट हवेत घाम येतो, तो कोरडा पुसून परत बघा, फक्त जोडाशी नाही तर पूर्ण पाइपभर ओलं असेल तर ती गळती नाही.

आणि आता लाईट. आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला वीज जाते हे काय नवीन नाही, आणि तेव्हा तुम्ही ऑफिसात असणार. पंप थांबला की रिटर्नच्या तोंडापर्यंतचं पाणी उलटं संपमध्ये येतं. तोंड ४ इंच खोल बुडवलंय तर सत्तर-पंच्याहत्तर लिटर खाली येईल, तेवढी जागा संपमध्ये आहे का? म्हणून तोंड पृष्ठभागाच्या अगदी खाली ठेवा. नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) भिस्त ठेवू नका, त्यात शेवाळ आणि चुना अडकला की तो पूर्ण मिटत नाही, आणि हवा आत घेऊन सायफन तोडायला रिटर्नला पाडतात ते भोकही शेवाळाने बुजतं. मेन स्विच बंद करा, संप कुठपर्यंत चढतो तिथे मार्करने रेघ मारा, परत चालू करा, परत बंद करा. चालू होताना ड्रेन आपोआप सायफन धरतो का, म्हणजे परत पूर्ण भरून वाहायला लागतो का, हेही बघा. त्या रेघेवरून संपची रोजची पातळी ठरते, त्याच्या वर कधीच भरायचं नाही. वायरी बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जातील अशा ठेवा आणि ३० एमए आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच बंद करणारा स्विच) बसवलेलाच हवा, खारं पाणी विजेच्या बाबतीत फार वाईट.

पाइपमधून फिरलेलं पहिलं पाणी सोल्युशनच्या वासाचं असतं ते टॉयलेटमध्ये ओता, काचेच्या टेस्टचं झाडांना घाला, टँकरवरच्या सोसायटीत एवढं पाणी वाया घालवू नये.

मीठ घातल्यावर पहिला महिना जोडांवर पांढरी पापुद्री येते का बघत राहा, कारण थेंब पडायच्या आतच सुकून जाणारी बारीक गळती फक्त मीठच दाखवतं. ओल्या फडक्याने पुसा, परत आली तर युनियनची ओ-रिंग साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. तुमची होल तळात आहेत का मागच्या काचेत ते लिहिलेलं नाही, तळात असतील आणि तळाची काच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिल लावायच्या आधी थांबा, टफन काच भोक पाडताच चुरा होते.