तपासण्या ‘नॉर्मल’ असूनही थकवा जात नसेल तर आहाराचा उपयोग कितपत?

दीड वर्षापासून सकाळी उठतानाच अंगात त्राण नसते, तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या आहेत, तेव्हा आहार सुधारून आणि रोगप्रतिकारशक्ती वाढवून हा थकवा घालवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकला इंदिरानगर भागात राहणारी, शाळेत शिकवणारी, शाकाहारी बाई आहे. परंतु त्याच ‘नॉर्मल’ शब्दावर विसंबून माझे जवळजवळ एक वर्ष वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

मला डेंग्यू होऊन गेला आणि त्यानंतरचा अशक्तपणा काही केल्या हटेना. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचले की फळ्याकडे वळण्याआधी मी टेबलाला टेकून उभी राहत असे आणि मुलांना ‘पाठ उघडा’ सांगून दम घेत असे. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन 12.2 आले. स्त्रियांसाठी 12 ही सीमा मानली जात असल्याने ‘काही नाही, ताण घेऊ नका’ असे मला सांगण्यात आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन आणि बी-12 जीवनसत्त्व तपासायला लावले, तेव्हा फेरिटिन 9 आणि बी-12 अवघे 140 निघाले. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज, आणि ते 15 च्या खाली गेले तर साठा संपल्यात जमा असतो. हा साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. त्यामुळे हिमोग्लोबिन सीमेच्या जेमतेम वर असलेले माणूसही थकलेले असू शकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि माझ्यासारख्या सीमेवरच्या बायका तर त्यात मोजल्याच जात नाहीत.

आहाराचे म्हणाल, तर इतकी खोल गेलेली कमतरता नुसत्या जेवणाने भरून येत नाही, हे मला उशिरा कळले. बी-12 वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतेच; दूध-दही घेणाऱ्यांना थोडेफार मिळते. त्यामुळे मला इंजेक्शने घ्यावी लागली आणि लोहाच्या गोळ्या काही महिने चालल्या. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येते, साठा भरायला मात्र महिने लागतात, म्हणून बरे वाटताच गोळ्या बंद करू नयेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-12 आवर्जून तपासावे, कारण त्या औषधाने त्याचे शोषण कमी होते.

जेवणात मी केलेला सर्वांत उपयोगी बदल म्हणजे चहाची वेळ. पोह्यांबरोबर एक आणि मधल्या सुट्टीत डब्यावर एक, असे माझे ठरलेले कप होते. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवू लागले. उलट ‘क’ जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते, म्हणून मोड आलेल्या मटकीवर लिंबू आणि जेवणाबरोबर आवळ्याची फोड किंवा पेरू. पालेभाजी आणि आमटी लोखंडी कढईत होऊ लागली. आंबट पदार्थात तिचे लोह अधिक उतरते. अळीव भिजवून दुधात किंवा लाडवात घेते. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून नागली (नाचणी) आणते, पण ती मुख्यतः कॅल्शियमसाठी. नागलीने रक्त वाढते हे जरा वाढवून सांगितले जाते. बीट आणि डाळिंब यांची कीर्ती तर केवळ रंगावर उभी आहे. सटाण्याची डाळिंबे मीही आवडीने खाते, पण दोन्हींत लोह अगदी थोडे असते.

प्रथिनांकडे आपल्या घरांत लक्षच नसते. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम हवीत, म्हणजे 55 किलोच्या व्यक्तीला सुमारे 46 ग्रॅम. एका वाटी पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळाली तरी पुष्कळ. मी हिशेब मांडला तेव्हा निम्म्यावरच थांबले होते. आता उसळ, दही, पनीर किंवा भाजलेले हरभरे प्रत्येक खाण्यात असतात.

आता रोगप्रतिकारशक्तीविषयी. ही शक्ती टाकीतल्या पाण्यासारखी जितकी वाढेल तितकी बरी, अशी गोष्ट नाही. ती आपल्याच शरीरावर उलटली तर संधिवातासारखे आजार होतात. प्रथिने, लोह, जस्त, ‘ड’ जीवनसत्त्व यांची उणीव असेल तर ती दुबळी पडते आणि उणीव भरली की सावरते. उणीव नसताना वरून घातलेल्या पावडरींनी थकवा जातो याला भक्कम पुरावा नाही. मी शेजारणीच्या सांगण्यावरून तीन महिने रोज गुळवेलीचा काढा घेतला. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद काहीही असो, मी आता तो काढा घेत नाही. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास तांबे कमी होते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगा, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात.

एक गोष्ट मात्र आपण स्वतःच पडताळून पाहावी. थोडे जास्त काम झाले की लगेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते का, आणि झोप होऊनही ताजेतवाने वाटत नाही का? सहा महिन्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर तो दीर्घकालीन थकव्याचा स्वतंत्र आजार असू शकतो. त्यावर कोणताही आहार इलाज म्हणून सिद्ध झालेला नाही, आणि ‘रोज थोडे जास्त चाला’ हा सल्ला त्यात घातक ठरू शकतो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत वापरू नये असे सांगितले. बरे वाटणाऱ्या दिवशीही काम हातचे राखून करणे, हाच तेथील मुख्य आधार आहे. वजन घटणे, रात्रीचा ताप, लांबलेला खोकला, पाळीत जास्त रक्तस्राव किंवा झोपेत घोरून श्वास अडकणे यांपैकी काही असेल, तर आहाराचा विचार नंतर. आधी डॉक्टरांकडे जावे.

आपल्या अहवालात फेरिटिन, बी-12, ‘ड’ जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हे चार आकडे आहेत का, तेवढे पाहून कळवावे. केवळ हिमोग्लोबिन आणि साखर तपासली असेल, तर आपली तपासणी अजून पुरी झालेली नाही.