डोंगराची सायकल, रंकाळ्याचा रस्ता

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत: माउंटन बाईक. कुणाला स्वतःसाठी हवी, कुणाला पोरासाठी, एकांना तर गुडघ्यासाठी. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत सायकली दुरुस्त करते, विकत नाही. दुकान आण्णांचं. त्यांच्या वेळी तासाच्या भाड्यानं सायकली सुटायच्या, आता नुसती दुरुस्ती. त्यामुळं अमक्याच कंपनीची घ्या असं मी सांगणार नाही. सहा महिन्यांनी कुठली सायकल माझ्या दारात उलटी टांगलेली असेल, ते मात्र सांगू शकते.

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांचा, बँकेत आहे. घर फुलेवाडीला, शाखा राजारामपुरीत. रोज जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर आणि रविवारी रंकाळ्याला चक्कर. बजेट १२,००० रुपये. दुकानदार म्हणतो, एवढ्यात डबल शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क आणि २१ गियरची माउंटन बाईक देतो. दिसायला एकदम भारी आहे. घेऊ का?

दादा, नका घेऊ. का ते सांगते, कारण नुसतं 'नको' म्हटलं तर तुम्ही शनिवारी जाऊन तीच घेऊन येणार.

१२,००० रुपये म्हणजे १२,००० रुपयेच. त्यात फ्रेम, चाकं, त्यांच्या मधले हब, ब्रेक, गियर, सीट, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन असं सगळं बसवायचं असतं. वर मागचा शॉकअपही घातला तर ते पैसे कुठून तरी काढावे लागतात, आणि ते निघतात गिऱ्हाईक बघत नाही तिथून. हबच्या आतल्या कोन-कपातून, त्यात फिरणाऱ्या छर्र्यांतून, ब्रेकच्या वायरीतून. बाहेरून सायकल झकास, आत सगळा आनंदच.

शिवाय वजन. या भावातली लोखंडी डबल शॉकअप सायकल माझ्या काट्यावर १८-१९ किलो भरते, साधी १५ च्या आसपास. तिच्यावर उभं राहून पेडल मारा, तुमचा अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. मागून बघणाऱ्याला वाटतं, सायकल उठाबशा काढतेय. त्यात मागचा सांगाडा फ्रेमला जिथं जोडलेला असतो तिथं प्लॅस्टिकचं बुश असतं. दोन पावसाळ्यांत ते झिजतं आणि मागचं चाक कमरेत लचक भरल्यासारखं डुलायला लागतं. ते बुश मला आजवर सुटं मिळालेलं नाही. तीन सायकलींची बुशं मी उद्यमनगरात लेथवर नायलॉनची करून घेतली. लेथवाल्यानं शेवटच्या वेळी मलाच विचारलं, 'ताई, ही भंगारात का घालत नाही?'

आता एक गंमत. माउंटन बाईक जन्माला आली तेव्हा तिला शॉकअप नव्हताच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत १९७०-८० च्या दशकात काही पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या उतारावरून सोडायची. त्यांच्या एका उताराचं नावच 'रिपॅक'. या सायकलींना पेडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक असायचा, मागच्या हबमध्ये. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि पुन्हा वर जायच्या आधी हब खोलून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून रिपॅक. १९७६ पासून तिथं शर्यती लागल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवून मी हसले होते. डोंगर असो की मंगळवार पेठ, शेवटी कुणीतरी बसून ग्रीस भरायचंच. शॉकअपचे चिमटे, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, बाजारात आले ते त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी, १९८९-९० च्या सुमारास. सांगायचा मुद्दा, ती सायकल चालली जाड टायरवर आणि दणकट फ्रेमवर. तुमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना तेवढं पुरे.

पुढचा शॉकअप चालेल, हट्ट असेल तर. पण स्वस्तातल्या चिमट्यात नुसती स्प्रिंग असते आणि तिला पाणी लागलं की गंज धरतो. दुकानात पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर छातीचा भार टाका. चिमटा खाली गेला आणि तितक्याच सहज वर आला, तर ठीक. कुंईऽ करून अर्ध्यात अडकला किंवा पुढं-मागं खुळखुळला, तर सोडा. माझं ऐकाल तर साधा, न हलणारा चिमटा घ्या आणि टायर जाड घ्या.

डिस्कचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडं चार महिने पाऊस, तेव्हा डिस्क चांगला धरतो, हे खरं. पण वायरीवरचा स्वस्त डिस्क सारखा जुळवून घ्यावा लागतो. स्टँडवर दुसऱ्याची गाडी टेकून डिस्कचा पत्रा जरा वाकला, की दर फेरीला चिर्र चिर्र सुरू. व्ही-ब्रेक रिमलाच दोन्ही बाजूंनी रबर दाबतो. त्याचे रबर कुठल्याही दुकानात मिळतात आणि तुम्ही स्वतः दहा मिनिटांत बदलाल. पावसात ब्रेक थोडा आधी, हलका दाबायचा, रिमवरचं पाणी पुसलं गेलं की मग जोरात. तेरा किलोमीटरच्या सपाट रस्त्याला मी व्ही-ब्रेकच घेईन.

आणि गियर. २१ म्हणजे पुढं तीन, मागं सात. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच पडतात. शहरात तुम्ही पुढचा मधला आणि मागचे तीन-चार वापरणार, बाकीचे गंजत राहणार. पुढं एक आणि मागं सात अशी मिळाली तर उत्तम. बिनगियरची घेतली तरी फुलेवाडी-राजारामपुरीला काही अडणार नाही. जोतिबाला जायची हौस असेल तर मात्र गियर हवेतच.

तेव्हा काय घ्यायचं? साधा चिमटा किंवा बरा पुढचा शॉकअप, व्ही-ब्रेक, दुहेरी भिंतीची अॅल्युमिनियम रिम, मडगार्ड आणि कॅरियर बसवायला फ्रेमला भोकं. ही भोकं नक्की बघा. नाहीतर जुलैत पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन कॅशियरच्या खुर्चीत बसाल. दुकानात मागचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडं नजर ठेवा. रिम डावी-उजवी नाचत असेल तर चाकात औट आहे, तिथंच काढून मागा. पेडलचा दांडा धरून आडवा हलवा, खटखट नको.

१०,००० च्या आत बसवा आणि उरलेल्यात मडगार्ड, पुढचा-मागचा दिवा, घंटी, बरं कुलूप. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय. आधी करासकट १२,००० ला असलेल्या सायकलीत साधारण ७५० रुपयांचा फरक पडतो. बिल बघून घ्या. ते पैसे कुलपाला होतात.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा, उंची पाच फूट. त्याला २९ इंची चाकाची माउंटन बाईक हवी. मिस्टर म्हणतात मोठीच घेऊ, कॉलेजपर्यंत पुरेल. – एक आई, सांगली

वहिनी, शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतो, तसं सायकलीचं करू नका. गणवेश मोठा झाला तर बाही दुमडता येते. सायकल मोठी झाली तर सिग्नलला पाय टेकत नाही.

पोराला दुकानात न्या. दांड्यावरून पाय टाकून, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून उभा करा. दांडा आणि त्याच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. सीटवर बसून हँडल धरताना कोपर थोडा वाकलेला हवा, ताठ नको. पाच फुटाला बहुतेक २६ इंची चाक आणि छोटी फ्रेम बसेल. चाकाचा आकार आणि फ्रेमचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानदार सांगत नाहीत. एकाच चाकात लहान-मोठी फ्रेम येते. सीट वर करत करत तीन वर्षं आरामात निघतील, नंतर विकून टाका.

प्रश्न: ऑनलाइन मागवली, ८५ टक्के जोडलेली आली. उरलेलं मीच जोडलं. पण डावं पेडल नीट बसत नाही आणि वळताना पाय पुढच्या चाकाला घासतो. कंपनीचा दोष का? – विद्यार्थी, कराड

भावा, आधी सायकलीवरून उतर. तुझा चिमटा उलटा बसलाय. चिमट्याची खालची टोकं पुढं झुकलेली असतात, तू हँडल बसवताना ती मागं, पायाकडं फिरवलीस. अशा सायकली वर्षाला दोन-तीन तरी माझ्याकडं येतात, आणि मालक मोठ्या विश्वासानं सांगतो, 'आधीपासून अशीच होती.' चिमटा फिरव, मग ब्रेकची वायर मोकळी आहे का बघ.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घट्ट करायला पेडल पुढच्या चाकाच्या दिशेनं फिरवायचं, दोन्ही बाजूंना हाच नियम. पेडलवर बारीक 'एल' आणि 'आर' लिहिलेलं असतं. पाना लावायच्या आधी बोटांनी दोन फेरे जायला हवेत. तू जोर लावून उजवं डावीकडं घातलं असशील तर पेडलच्या दांड्याचे आटे गेले, तो दांडा बदलावा लागेल. नाक कापल्यासारखं वाटलं तरी आता दीडशे-दोनशे रुपये दे आणि जवळच्या दुकानातून एकदा सगळं आवळून घे.

प्रश्न: माउंटन बाईकला २६ चा टायर आणला, बसेना. दुकानदार बदलून देईना. – जयसिंगपूर

२६ नावाचे दोन टायर आहेत. आपल्या जुन्या साध्या सायकलीचा २६ गुणिले १ ३/८ चा, आणि माउंटन बाईकचा २६ गुणिले १.९५. दोघांचे रिम वेगळे. टायरच्या बाजूला दोन आकड्यांची एक जोडी कोरलेली असते. त्या जोडीतला शेवटचा आकडा तुम्हाला ५५९ हवा, तुम्ही ५९० आणला असणार. २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. जुन्या टायरचा फोटो काढून जात जा. आणि नवा घेताना मोठ्या गाठींचा घेऊ नका, मध्ये सलग पट्टा असलेला घ्या. डांबरावर त्या गाठी नुसत्या गुणगुणतात आणि पाय दमवतात. हवा किती मारायची तेही टायरवरच लिहिलेलं असतं. या सायकलीचा व्हॉल बहुतेक वेळा मोटरसायकलसारखाच असतो, तसा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त तिथल्या पोराला हळू मार म्हणा.

प्रश्न: शेजारी ४,००० ला जुनी माउंटन बाईक देतोय. कुठली कंपनी ते कळत नाही, रंग नवा मारलाय. – कोल्हापूर

नवा रंग म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरानंतर शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या सायकली माझ्याकडं रांगेनं आल्या होत्या. हब उघडला की ग्रीसच्या जागी करडा गाळ, छर्रे तांबडे. २०२१ ला पुन्हा तेच. बऱ्याच मालकांनी खोलून न घेता वरून रंग मारला आणि विकल्या.

म्हणून असं करा. शेजाऱ्याच्या समोरच सीटचा नट सैल करून सीट नळीसकट उपसा. मग सायकल उलटी धरून फ्रेमवर तळहातानं दोन थापा मारा. वाळलेला गाळ भुरभुरला तर चहा पिऊन घरी या. काही पडलं नाही, तर पुढचं चाक उचलून कानाशी न्या आणि फिरवा. खरखर ऐकू आली तर हब खोलावे लागतील, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. फ्रेमच्या जोडांवर, खास करून हँडलच्या खाली, रंगाला केसासारखी रेघ दिसली तर फुकटातही नको.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६३. मुलानं आणून दिलेली माउंटन बाईक रोज सकाळी चालवतो. आठ दिवसांत गुडघे दुखू लागले. सायकल बदलू का? – गडहिंग्लज

गुरुजी, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवाच, तो माझा विषय नाही. पण सायकल बदलायच्या आधी सीट बघा. माझा अंदाज, दोन्ही पाय पूर्ण टेकावेत म्हणून तुम्ही ती खाली घेतली असणार. साठीच्या पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक हेच करतं, आणि मग गुडघा दर फेरीला छातीपर्यंत वर येतो.

भिंतीला टेकून सायकलीवर बसा. एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न कलता. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघा आपोआप थोडा वाकतो, तेवढाच हवा. एकदम वर घेऊ नका, रोज बोटभर. सीटच्या नळीवर मर्यादेची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. थांबताना सीटवर बसून पाय टेकायची सवय मोडा, सीटवरून पुढं सरकून, दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर उभं राहायचं. पहिले दोन दिवस भीती वाटेल, मैदानात करा. गियर हलका ठेवा, पाय भराभर फिरले तरी चालतील.

आणि माप जमलं की नळीवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करून ठेवा. सुट्टीत नातू आला की तो सीट खाली करणारच.